चुन्याच्या घराचं मागचं दार

गोंदियात मी आर्किटेक्ट आहे असं सांगितलं की लोक घराच्या दर्शनी बाजूचंच विचारतात, "एलिव्हेशन बनाते क्या?" बनवतो. पण आधी चुना टाकतो. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत मी आणि बायको मिळून ऑफिस चालवतो, आणि आमची सगळी विद्वत्ता एवढीच. नकाशा ठरला की तो प्लॉटवर चुन्यानं खऱ्या मापात आखायचा, आणि घरच्यांनी एक सकाळ त्यात राहून दाखवायचं. चहा करा, जेवा, भांडा. त्याशिवाय मी पायव्याला कुदळ लावू देत नाही. यापायी माझी पुष्कळ गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

आमगावकडचे दोन भाऊ आले. थोरला धानाची शेती बघणारा, धाकटा शाळेत मास्तर. बोलायचा थोरलाच. घर एक, चूल एक, दार एक. मागचं दार नको.

"काऊन?" मी विचारलं.

"मागं दार ठेवलं का लहानी तिथंच दुसरी चूल मांडते. माह्या काकांचं घर तसंच फुटलं."

लहानी म्हणजे धाकट्याची बायको. हवा, धूर, आग, सगळं सांगून पाहिलं. शेवटी वैतागून एका दाराचं घर काढलं. म्हटलं, चुन्यात राहून पाहा, मग बोलू.

आखणी झाली त्या दिवशी सगळे आले आणि चुन्याच्या दाराबाहेर ओळीनं चपला काढून आत गेले. असं प्रत्येक वेळी होतं. मला आता हसू येत नाही. दोघी जावा मागे स्वयंपाकघरात गेल्या. मास्तर आपल्या खोलीत चटई टाकून झोपले. थोरल्यानं बैठकीत दारासमोरच खुर्ची मांडली आणि फोनवर धानाचे भाव विचारत बसला. चारी बाजूंनी उघडं शेत, आणि माणसं भिंतींना वळसा घालून फिरत होती.

जेवणं झाली. थोरली भांडी घेऊन बोअरवर गेली. धाकटी स्वयंपाकघरातच बसून राहिली, पदर नाकापर्यंत ओढून. बाहेर जायची वाट बैठकीतून, आणि बैठकीत भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्या घरात सून भासऱ्याच्या समोरून जात नाही, त्याच्याशी बोलत नाही. चुन्याची रेघ तर कोणीही ओलांडली असती. पण तिच्या लेखी ती भिंत होती.

हे दिसलं माझ्या बायकोला. तिच्याजवळ जरा वेळ बसून ती माझ्याकडे आली. म्हणाली, "तिला केव्हाची लघवीला जायचंय. आणि ती म्हणते, हेच घर होणार असेल तर मी गोंदियाले खोली करून राहतो."

मला थोरल्याचा असा राग आला की सोय नाही. समोर जाऊन जसंच्या तसं सांगितलं. वर म्हटलं, "घर फुटू नये म्हणून दार बुजवलं ना भाऊ? घर त्याच्यानंच फुटून राहिलं."

त्यानं फोन खिशात ठेवला, दारानं बाहेर पडला, भिंतीबाहेरून मागे गेला आणि तोंड शेताकडे ठेवून स्वयंपाकघराची मागची रेघ पायानं पुसली.

"साहेब, इथं दार द्या," तो मला म्हणाला, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ती उठली, पण निघेना. चपला पुढच्या दाराशी राहिलेल्या, आणि शेतात कापलेल्या धानाचे खुंट.

थोरला परत पुढे गेला. चपलांकडे बघत उभा राहिला. थोरली बोअरवरून आली तेव्हा तिला विचारलं, "लहानीच्या कोणत्या?" तिनं दाखवल्या. त्यानं वाकून त्या हातात घेतल्या, मागच्या दाराशी नेऊन जोडीनं ठेवल्या आणि पाठ फिरवली. ती जाऊन परत येईपर्यंत तो तसाच उभा होता.