दोऱ्याखालची अंगठी

एफी रेनीचे पुढचे दात पंचविशीतच गेले. सोल्वे खाडीकाठच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ती नायट्रिक ॲसिडमध्ये कापूस बुडवायची. तोफांची दारू त्यातूनच व्हायची, आणि त्या वाफांनी दात ठिसूळ व्हायचे. दातांचं तिला कधी वाईट वाटलं नाही. जन्मभर सलत राहिलं ते एक पत्र.

कारखान्याच्या दारात रोज झडती व्हायची. केसातला आकडा, नाणं, धातूचं बटण, काही म्हणता काही आत नेता यायचं नाही. ठिणगी पडली की सगळ्यांचाच कारभार आटोपला. सवलत फक्त लग्नाच्या अंगठीला, तीही दोऱ्याने पुरती गुंडाळली तर. एफी सकाळी मन लावून दोरा गुंडाळायची. आर्चीबरोबर तिचा संसार झाला होता अवघा आठ दिवसांचा. "अस्सल सोनं आहे, जपून वापर," असं बजावून तो फ्रान्सला लढाईवर गेला होता.

१९१७च्या मार्चमध्ये कापूस ढकलताना ॲसिडचा शिंतोडा तिच्या बोटावर उडाला. ती नळाकडे धावली. तोवर दोरा जळाला होता आणि अंगठीवर हिरवा फेस आला होता.

"सोन्याला हे ॲसिड ढिम्म काही करत नाही," शेजारची नॅन म्हणाली. "पितळ आहे गं बाई! नवऱ्याने चांगलंच बनवलंय तुला."

सगळ्या बायका खिदळल्या. पोरीचं वय एकोणीस, डोकं फिरायला कितीसा वेळ लागणार? दुपारीच तिने लिहून टाकलं, 'अंगठी खोटी निघाली. तूही तसलाच. मला पत्र पाठवू नकोस.'

आठवडाभरात राग निवळला. तिने माफीचं पत्र लिहायला घेतलं, पण ते पुरं होण्याआधीच सरकारी लिफाफा दारात आला. आर्ची गेला होता.

महिन्याने त्याचं सामान आलं. पाइप, कंगवा आणि तिचं ते पत्र. उघडून मिटून घड्यांवर फाटत आलेलं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'लाडके एफी, सोनं परवडलं असतं तर'. पुढे काही नव्हतं.

ॲसिडने अर्धी खाल्लेली ती अंगठी एफीने कधी काढली नाही. म्हातारपणीही रोज सकाळी ती तिच्यावर दोरा गुंडाळत बसायची.

"अगं, कारखाना बंद होऊन जमाना झाला," नॅन म्हणायची. "आता कोण झडती घेणार आहे तुझी?"

"आर्ची," एफी म्हणायची. "जपून वापर म्हणाला होता."