आपला श्रावण लागायच्या आधीचा रविवार

ऋता गेली तेव्हापासून भय्यासाहेबांना एकच हवं होतं. गल्लीतल्या मुलांनी पुन्हा त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडावा.

भय्यासाहेब बँकेतून निवृत्त झालेले. उज्जैनला, फ्रीगंजमागच्या आमच्या गल्लीत एकटेच राहतात. वयाने माझ्या आजोबांएवढे, पण मित्र. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे. यात्रेकरूंसाठी तो रुंद केला आणि गाड्या सुसाट जायला लागल्या. शाळा पलीकडे. पायी जाणाऱ्यांसाठी सोय काहीच नाही. म्हणून रोज सकाळी ते रस्त्याच्या मधोमध उभे राहत. तोंड गाड्यांकडे, पाठ मुलांकडे, उजवा हात वर. मुलं त्यांच्या पाठीमागून पलीकडे जात.

"अंकल, तनखा कौन देता है?" एक ई-रिक्षावाला ओरडायचा.

"तेरी सास! पहले ब्रेक लगा!"

मुलं खिदळायची. सगळ्यात मोठ्याने ऋता. ती तिसरीत होती.

श्रावणात सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, निघते. गर्दीमुळे त्या दिवशी शाळेला सुट्टी, आणि बदल्यात रविवारी शाळा. ऋताची आई, कल्पनाताई, आधीच गॅलरीतून म्हणाल्या होत्या, "भय्यासाहेब, श्रावणात इतवारची शाळा आहे हं. विसराल!"

"विसरतोय कसला. उभा राहीन की."

ते विसरले नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात पुण्याहून येणारं कॅलेंडर आहे. त्यावर आषाढ चालू होता. इथल्या हिंदी घरांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला पंधरवड्याने, अमावास्येनंतर. शाळा त्यांच्या श्रावणाने चालते. जन्म उज्जैनमध्ये गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक होतं. पण उपास, सण, सगळं आयुष्यभर त्या कॅलेंडरवरून केलेलं. त्या रविवारी त्यांनी सवयीने तिकडे पाहिलं आणि चहा टाकला.

मुलं कोपऱ्यावर थांबली. शाळा भरायची वेळ झाली. ऋता म्हणाली, "मी भय्यासाहेब." ती रस्त्यात गेली. गाड्यांकडे तोंड केलं. उजवा हात वर केला.

गाडी बाहेरगावची होती. दर्शनाची घाई. बाकीची मुलं कडेलाच उभी होती. मी म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, असं ऋताने त्यांना बजावलं होतं.

भय्यासाहेब धावत आले तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या.

त्यांना कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसायचो. ते एवढंच विचारायचे, "मंदार, पोरांना कोण नेतंय रे?" काहींना वडील स्कूटरवर सोडत होते. ज्यांच्याकडे स्कूटर नव्हती, त्यांची मुलं तशीच जात होती. पळत. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना खिडकीतून दिसत होतं.

मग आपलाही श्रावण लागला. त्यातल्या पहिल्या रविवारी ते पुन्हा रस्त्यात जाऊन उभे राहिले. हात वर केला. गाड्या थांबल्या. कोपऱ्यावरची मुलं मात्र जागची हलली नाहीत. तेवढ्यात कल्पनाताई आल्या, ऋताच्या धाकट्या भावाचा, आल्हादचा, हात घट्ट धरून.

"या," भय्यासाहेब म्हणाले. "या ना."

त्या कडेलाच थांबल्या.

"भय्यासाहेब, घरी जा तुम्ही."

"कल्पना, अगं एवढं तरी..."

"तुम्हाला बघून हाही तेच करतो. जिन्यात, अंगणात. हात वर करून उभा राहतो. म्हणतो, गाडी थांबते."

आल्हादने तेव्हाही मोकळा हात वर केला होता. भय्यासाहेबांकडे बघून तो हसत होता. कल्पनाताईंनी त्याचा हात खाली ओढला.

भय्यासाहेबांनीही आपला हात खाली घेतला. गाड्या लगेच सुटल्या. ते मधोमधच राहिले. अलीकडे यायला त्यांना कोणी वाट देईना.