समोरचा धरून, समोरचा सोडून

माझ्या मुलीला 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कधी जमलाच नाही. जन्म कॉव्हेंट्रीतला, शाळा इंग्रजी, डोक्यात सगळ्यांसाठी एकच 'वी'. चार वर्षांची असताना ती मला विचारायची, "आई, आम्ही कधी जेवणार?" मी म्हणायची, "तुम्ही जेवा बाई, मी राहते उपाशी." मग तिचे बाबा हातातला घास खाली ठेवून तिला समजवायचे. दोन्ही हात पसरून टेबलाभोवती फिरवायचे, "हे आपण. समोरचा धरून." नंतर तळहात स्वतःच्या छातीवर, "हे आम्ही. समोरचा सोडून." ती शहाण्यासारखी मान डोलवायची आणि पुढच्याच वाक्यात चुकायची.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मुलगी आणि जावई माझ्याकडेच राहायला आले, वरच्या दोन खोल्यांत. जावई अमेरिकन, विस्कॉन्सिनचा. त्याचं घराणं मूळचं जर्मन, तिकडे जाऊन चार पिढ्या झाल्या. गुणी आहे पोरगा, वरणभात हाताने कालवून जेवतो.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. मुलगी आली आणि म्हणाली, "आई, आम्ही विस्कॉन्सिनला मूव्ह होतोय. समरमध्ये. त्याचा ऑफर फायनल झाला."

"त्याची ऑफर. फायनल झाली," मी म्हटलं.

"झाली," ती म्हणाली, थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग वर गेली.

मी उरलेले बटाटे सोलले. आम्ही म्हणजे कोण, ते विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिथेच कळलं असतं की मी त्यात नाही. पण हिचं 'आम्ही' म्हणजे काहीही असू शकतं. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, हे आता सरळ लिहून टाकते. तेव्हा मात्र काहीच वाटलं नाही. हे गेल्यापासून माझं असंच झालंय. दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ चावला गेला तरी कळत नाही, तसं.

तीन आठवडे गेले. मंगळवारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होते, फार्मसीतून गोळ्या आणत होते. पासपोर्ट कधी संपतो तेवढं बघून ठेवलं. लंडनजवळच्या इल्फर्डची मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, तोंड दिलंय ना देवाने? विचार की सरळ. आपल्याला नाही बाई असं गप्प बसायला जमत." ती मूळची मुंबईची, तिचं 'आपल्याला' म्हणजे ती एकटी. ह्या एका शब्दात किती माणसं बसतात आणि कोण बाहेर राहतं, देव जाणे.

त्याच दिवसांत विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, तिकडे घराण्याचा इतिहास लिहीत होत्या. मी आधी पुण्यात आणि मग इथे प्रूफं वाचण्यातच आयुष्य घालवलेलं, म्हणून इंग्रजी तपासायला पानं माझ्याकडे यायची. बरं वाटायचं. दुसऱ्याच्या वाक्यांत डोकं घातलं की दिवस निघून जातो.

त्यांच्या गावात एकेकाळी सगळं जर्मनमध्ये चालायचं, चर्च, शाळा, वर्तमानपत्र. मग पहिलं महायुद्ध आलं, अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि कालपर्यंतचे शेजारी वाकड्या नजरेने बघायला लागले. दुकानांच्या पाट्या बदलल्या. आंबवलेल्या कोबीचंसुद्धा बारसं झालं, लोक त्याला 'लिबर्टी कॅबेज' म्हणायला लागले. शेवटी चर्चने जर्मन प्रवचनं बंद केली. जावयाच्या पणजीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. ती तरीही दर रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसायची आणि सगळे उठले की उठायची. हे सगळं लिहून पानाच्या शेवटी विहीणबाईंनी वाक्य टाकलं होतं, 'वी गेव्ह अप जर्मन.'

मी त्या 'वी'भोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, "हू?"

रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्या म्हणाल्या, "म्हणजे काय? आम्ही सगळ्यांनी."

"पणजी धरून?"

त्या म्हणाल्या, हा विचार कधी केलाच नव्हता.

मी म्हटलं, माझ्या भाषेत हे झाकून राहिलं नसतं. चर्चच्या लोकांनी पणजीला 'आपण ठरवलंय' म्हणून सांगितलं की 'आम्ही ठरवलंय', तेवढ्यावरून सगळं कळलं असतं. आणि त्यांना हात करून दाखवले. आधी पसरलेले दोन हात, मग छातीवर तळहात. विहीणबाईंना भारी मौज वाटली, त्यांनी ते लिहून घेतलं. मुलगी सोफ्यावर बसून ऐकत होती.

कॉल संपल्यावर मी कप उचलले. ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली.

"आई, त्या दिवशी तू मला काहीच विचारलं नाहीस."

"काय विचारायचं? तुझ्या 'आम्ही'त मी आहे की नाही, हे तुला तरी ठाऊक असतं का?" माझा आवाज चढला. मला चिडायचं नव्हतं.

"ठाऊक होता, आई." ती हळू बोलत होती. "मी वीकभर प्रॅक्टिस केली. बाथरूममध्ये, मिररसमोर. इंग्लिशमध्ये 'वी' म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, तू पण. मग तू विचारलं असतंस, आणि मला नो म्हणावा लागला असता. ते मला जमला नसता. म्हणून मराठीत म्हटलं, बाबांनी शिकवलं तसं." तिने तळहात छातीवर ठेवला. "आम्ही. बरोबर होता ना?"

तेव्हा मात्र दुखलं. मी कप सिंकमध्ये ठेवले आणि नळ सोडला.

"बरोबर होतं," मी म्हटलं.

"होतं," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.