बुटानं पाडलं

बूट बरगडीत बसला. चेंडू छातीशी धरून मी तोंडावर आपटलो. तोंडात काळी माती गेली. वर आमचा कप्तान उभा. वकिलाचा पोरगा, मधू.

"याले कोनी हात नोका लावू. बुटानंच पाडा," तो बाकीच्यांना म्हणाला.

अमरावतीच्या व्यायाम कॉलेजातली गोष्ट. नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली, त्याला दोन वर्षं झाली होती. धर्म बदलला, मैदान तेच राहिलं. कॉलेजात एक अमेरिकन मास्तर आला होता. त्यानं आम्हाला त्याच्या देशाचा फुटबॉल शिकवला. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं, समोरच्यानं मिठी मारून पाडायचं. मुंबईला अमेरिकन जहाज लागणार होतं. त्यावरच्या खलाशांशी आमचा सामना. ते अमेरिका, आम्ही भारत. सदऱ्यावर तिरंगा शिवलेला. तो सदरा मला हवा होता. जीव गेला तरी हवा होता.

मी चेंडू घेऊन निघालो की समोरचे सगळे बाजूला सरकायचे. मास्तरला वाटलं, हा कोणाच्या हातीच लागत नाही. त्यानं सगळ्यांच्या आधी माझं नाव घेतलं. भोळा माणूस. मला धरलं तर घरी गेल्यावर आंघोळ करावी लागते, म्हणून ते सरकत होते. हे मला पक्कं ठाऊक होतं. सदऱ्यापायी मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

निवड झाली आणि बूट सुरू झाले. मास्तरची पाठ फिरली की लाथ.

त्या दिवशी मी माती थुंकली. सोबत रक्त आलं. मधू म्हणाला, "मुंबईले आमी एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून गोल रिंगण करू, तवा तू दूर उभा राहाजो."

"काहून?"

"तुले मालूम नाही काय काहून?"

मी चेंडू फेकला. धावत जाऊन त्याला मिठी मारली. कमरेत, मास्तरनं शिकवली तश्शी. उचलून आपटला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. "सोड मले!" तो किंचाळला. सोडलं नाही. माझ्या तोंडातलं रक्त मी त्याच्या गालाला फासलं. बाकीचे माझ्या पाठीत लाथा घालत होते. आपला कप्तान मरतोय, तरी मला हातानं ओढायला एकही पुढे येईना! शेवटी मास्तरनं मला ओढून काढलं.

सदरा गेला. कॉलेजही गेलं. मुंबईत कोण जिंकलं, मी कधी विचारलं नाही.

आता अकोल्याला पोरांना हुतूतू शिकवतो. परवा एका पाटलाच्या पोरानं आमच्या वस्तीतल्या गड्याला धरलं नाही, मुद्दाम जाऊ दिलं. मी त्याला मैदानाबाहेर काढलं. बाप तणतणत आला.

"माह्या पोराले काहून काढलं?"

"त्याले धरता येत नाही. या, तुमाले धरून दाखवतो."

तो दोन पावलं मागे सरकला. मी चार पावलं पुढे गेलो. जो सरकेल, त्याच्या अंगावर मी असाच जाणार. मरेपर्यंत जाणार.