चौधरींच्या खुंटीवरचा कोट

जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरलेलं माणूस आधी किंमत विचारतं, नाहीतर नाकाला पदर लावतं. कुसुमवहिनी सबनीस आधी खिसे चाचपायच्या. कोट असो, बंडी असो, कुणा गोऱ्या पोराची शाळेची पँट असो, वहिनींचा हात थेट खिशात. "बघू तर, मागच्यानं काय ठेवलंय," असं पुटपुटत त्या आतून एखादं बटण, परदेशातलं चुरगळलेलं तिकीट बाहेर काढायच्या, उजेडात धरून निरखायच्या आणि जिथल्या तिथं परत ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बटण तरी घ्या." त्या म्हणाल्या, "अगं, ते त्यांचं आहे. आपण नुसतं बघायचं."

हे दुकान गुडगावात, आमच्या नव्या इमारतींच्या पायथ्याशी उरलेल्या गावात होतं. मालक चौधरी. जमीन बिल्डरला गेली, म्हशी विकल्या, आणि रिकामा गोठा खायला उठला म्हणून त्यांनी तिथं जुन्या वस्तू मांडल्या. दिल्लीतल्या पाडलेल्या बंगल्यांची दारं, मुके ग्रामोफोन, पानिपतला गाठोड्यांनी येणारे विलायती कोट. गव्हाणीत चिनी मातीच्या बश्या रचलेल्या. नव्याकोऱ्या घरात काहीतरी जुनं हवं म्हणून आमच्या इमारतींतल्या बायका तिथं गर्दी करायच्या. चौधरींनी सर्वांत आधी विकला तो स्वतःचा नांगर. तो आता तिसऱ्या मजल्यावर एका सोफ्यामागच्या भिंतीवर टांगलेला आहे, म्हणजे साधारण त्यांच्याच शेतावर. हे ते स्वतः सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

वहिनींची आणि माझी ओळख मात्र त्याआधीची. आम्ही समोरासमोर राहायचो. घर लावून झालं तशी मी विरजण मागायला त्यांच्याकडे गेले. आतलं दार उघडं होतं, बाहेरचं लोखंडी जाळीचं बंद. वाटी जाळीतून आत जाईना. वहिनींनी जरा विचार केला आणि चमच्याचं टोक जाळीतून बाहेर काढून विरजण माझ्या वाटीत सोडलं. मग माझ्या लक्षात आलं की कुलूप माझ्या बाजूला आहे, आतून कडीच्या फटीतून जेमतेम बोटं पोचतील असं.

कारण होते अण्णा, त्यांचे सासरे. दिल्लीत मंत्रालयातून निवृत्त झालेले, आणि आता सगळं विसरत चाललेले. रोज सकाळी त्यांना ऑफिसला उशीर व्हायचा. "कुसुम, किल्ली दे, साहेब वाट बघत असतील," म्हणून ते विनवायचे, लहान मुलासारखे रडायचे. एकदा वहिनींना ते बघवलं नाही, त्यांनी किल्ली दिली. अण्णा संध्याकाळी हायवेवर सापडले, पायजम्यात, बसची वाट बघत. तेव्हापासून वहिनींचे यजमान, सबनीस, कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे आणि किल्ली घेऊन जायचे. सबनीस वाईट नव्हते. सरकारी नोकरी सोडून त्यांनी नवी कंपनी धरली होती, परतायला आठ वाजायचे. वहिनींची काही तक्रार नसायची. कशा आहात विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझं काय, मी आहेच."

त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. गुडगावला येण्याआधी त्या दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. तिथं गुरुवारी दुपारी मराठी बायकांचं भजन असायचं. "पुढे बसून टाळ वाजवायचे मी. आवाज नाही गं मला, टाळ बिल्कुल चुकत नाही," असं त्या जाळीतून सांगायच्या. सबनीसांची सुटी शनिवारची, भजन गुरुवारचं. त्या दोन वारांचा मेळ काही बसत नव्हता.

शनिवारी सबनीस घरी असले की आम्ही दोघी चौधरींकडे जायचो. तिथं खुंटीवर एक करडा, जाडजूड, पुरुषी ओव्हरकोट होता. वहिनी तो साडीवरून चढवायच्या, दोन्ही हात खिशात घालायच्या आणि गोठाभर येरझारा घालायच्या. कोट त्यांच्या घोट्यापर्यंत यायचा. मला हसू आवरायचं नाही. चौधरी म्हणायचे, "ले जाओ बहनजी, पड़ा ही तो सै." वहिनी मान हलवायच्या. मला म्हणायच्या, "घरी नेला की तो घरातला होईल. इथं आहे तोवर माझा आहे."

एका शनिवारी दिल्लीहून एक तरुण मुलगी आली. तिनं तोच कोट घातला, आरशात वळून वळून पाहिलं आणि पर्स उघडली. वहिनींचा चेहरा उतरला. मुलीनं सहज खिशात हात घातला, तर आतून चार वेलदोडे, एक घडी केलेला रुमाल आणि एक चकचकीत किल्ली निघाली. "वो मेरा है," वहिनी पटकन म्हणाल्या. मुलगी गोंधळली. चौधरींनी हुक्क्याची नळी तोंडातून काढून नकारार्थी हलवली. "यो बिकाऊ कोन्या, मैडम. बुक सै."

परतताना मी विचारलं, "वहिनी, ती किल्ली कसली?"

"आमच्या दाराची. हे झोपले होते तेव्हा आणली आणि गावातल्या किल्लीवाल्याकडून दुसरी करून घेतली."

"मग ती इथं काय कामाची? तुम्ही आत, किल्ली गोठ्यात!"

"घरी ठेवली तर अण्णा मागतील आणि मी देईन," त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर हळूच म्हणाल्या, "नाहीतर मीच उघडेन. दोन्हीत अण्णाच हरवतील ना गं? इथं असू दे. आपली एक आहे, एवढं पुरे."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. मी दार उघडून जिन्यात वारा खात बसले होते. आत अण्णा किल्लीसाठी रडत होते. वहिनी जाळीला कपाळ टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज किल्ली जवळ असती तर मी गेले असते." पाच मिनिटांनी त्या अण्णांना पन्हं द्यायला आत गेल्या.

थंडीत अण्णा झोपेतच गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले. सबनीसांनी कुलूप लावणं सोडलं, ते कडीला उघडंच लटकत राहिलं. मी वाट बघत होते. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. वहिनी आपल्या जाळीच्या आतच. मी म्हटलं, "वहिनी, आता तरी चला भजनाला."

"घर उघडं टाकून कशी येऊ? किल्ली यांच्या जुडग्यात गेली, सवयीनं."

"मागून घ्या."

"बघू," म्हणाल्या. जाळी नुसती लोटलेली होती, तरी त्या तिच्यामागे पूर्वीसारख्याच उभ्या होत्या. मला तेव्हा खरी भीती वाटली.

होळी होऊन गेल्यावरच्या गुरुवारी सकाळीच मी चौधरींकडे गेले. अण्णा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. मी किल्ली मागितली. त्यांनी खुंटीवरून अख्खा कोटच काढला, झटकला आणि माझ्या हातावर टाकला. "बहनजी का सामान सै. गिनना मत, दे देना."

मी जाळी ढकलून कोट वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला, मग साडीवरून घातला, मार्चच्या त्या उन्हात. हात खिशात गेले आणि तिथंच थांबले. मग आत जाऊन त्यांनी टाळ आणले, डाव्या खिशात टाकले, चप्पल घातली आणि दारं ओढून घेतली. कुलूप त्यांनी स्वतः लावलं. दोनदा ओढून पाहिलं. किल्ली उजव्या खिशात ठेवली, वेलदोड्यांपाशी.

फाटकावरचा चौकीदार त्या कोटाकडे बघतच राहिला. त्यानं विचारायच्या आत वहिनींनी त्याला आपल्या मराठी हिंदीत बजावलं, "साहब जल्दी आ गए तो बोलना, मैं घर पे नहीं हूँ."