ठीकच्या वरचा शब्द

नाना पेन्सिलने तपासायचे आणि काम पसंत पडलं तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचे : ठीक. अमळनेरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याकडून 'ठीक' मिळवलेले विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके.

"एवढंच, नाना?" असं कुणी विचारलं, तर तोंडावर कौतुक करायला ते तयार नसत; म्हणायचे, "तोंडवर वखान करं का माणूस तठेच थांबी जास."

माझी पीएच.डी. त्यांच्याकडेच झाली. केळीच्या पानाचा फोटो पाहून संगणकाने रोग ओळखायचा, असं ते काम. फोटोंसाठी नाना माझ्याबरोबर असोद्याच्या बागांत हिंडायचे, चष्मा कपाळावर सरकवून एकेक पान उलटून दाखवायचे. प्रबंधाच्या शेवटी त्यांनी 'ठीक' लिहिलं, त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधकाच्या जागा, शोधू लागले. धुळ्याला तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि अर्ज करत राहायचं. मार्गदर्शकाचं शिफारसपत्र विद्यापीठाकडे परस्पर जातं, उमेदवाराला ते दिसत नाही. नाना प्रत्येक वेळी वेळेवर पाठवायचे. दोन वर्षं नकार येत राहिले. वयाची मर्यादा जवळ येत होती.

मग एका दूरच्या विद्यापीठाची मुलाखत झाली. पडद्यावरचे प्राध्यापक वयस्कर होते. शेवटी ते जरा अडखळत म्हणाले, "तुमचं मार्गदर्शकांशी काही बिनसलंय का? त्यांचं पत्र दोनच ओळींचं आहे. काम ठीक आहे, घेण्यास हरकत नाही, एवढंच."

मी दुसऱ्या दिवशी अमळनेर गाठलं. रागाने गेले होते, पण नानांच्या समोर बसल्यावर सगळं हळूच सांगितलं.

"ठीकना वर काय रहास, पोरी?" त्यांनी खरोखरच विचारलं. मग मान खाली घालून म्हणाले, "मनामुये तुना दोन वरीस गयात."

"तसं नाही, नाना."

"तसंच शे. तीन दिन दे माले. त्या सरांना सांग, दुसरं पत्र येस."

प्राध्यापकांनी थांबायचं कबूल केलं. चौथ्या दिवशी पत्र पोचल्याचं त्यांनी कळवलं. त्यानंतर आठवड्याभरातच नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

निवडीचं पत्र आलं तेव्हा त्यांचं तेरावं होऊन गेलं होतं. कागद घेऊन मी अक्कांकडे, नानांच्या पत्नीकडे गेले. त्या दाराशी गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तीन दिवस नुसतं लिहायचे आणि खोडायचे. शेवटी मलाच विचारलं, वखान कसं करतस? मी म्हटलं, चाळीस वरीसमां माले जे कधी बोलनात नही, ते लिखा आते."

"मग?"

"मग माझ्याकडे बघत बसले. आणि लिहायला लागले. चार पानं."

त्या पत्रात काय होतं, ते मी आजही वाचलेलं नाही. अक्कांना मी निवडीचा कागद वाचून दाखवला. गवारीचं ताट बाजूला ठेवून, पदराला हात पुसून त्यांनी तो हातात घेतला. नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

"ठीक शे," त्या म्हणाल्या.