दाराजवळची संगमरवरी वाटी

बोरिवलीच्या घरात, दाराजवळ, चपलांच्या रॅकच्या वर मी एक संगमरवरी वाटी भिंतीवर बसवून घेतली होती. शिंपल्याच्या आकाराची, मागे छोटा क्रूस कोरलेली. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मिळाली. दुकानदारानं सांगितलं होतं, पाडलेल्या चर्चमधली आहे, पवित्र पाणी ठेवायची. पाहुण्यांना मीही ते ऐटीत सांगायचो. तिच्यात किल्ल्या टाकायचो आणि जिन्यात ओढलेली सिगरेट घरात शिरताना तिथेच विझवायचो.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं करायला वसईहून एक ताई येऊ लागल्या. पन्नाशीच्या, ख्रिस्ती, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी आत येताना त्यांची बोटं सवयीनं वाटीत गेली आणि राखेनं काळी झाली. क्रूसाची खूण करायला कपाळाकडे निघालेला हात मध्येच थांबला. रुमालाला बोटं पुसत त्यांनी विचारलं, "आजी कुठे आहेत?"

मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर वाटी रोज स्वच्छ दिसायला लागली. किल्ल्या खिळ्याला लटकवलेल्या. मला वाटलं, बायको करते.

"मी नाही रे," ती म्हणाली. "ताई पुसतात. आल्या आल्या, आईंच्या खोलीत जायच्या आधी."

मला पवईतलं एक हॉटेल आठवलं. हात धुवायच्या बेसिनपाशी शोभेला बुद्धाचं मस्तक ठेवलेलं, त्याच्यावर कुणाचे तरी ओले टिश्यू. आम्ही बौद्ध. मॅनेजरला मी सगळ्यांसमोर झापलं होतं.

मी आईच्या खोलीत गेलो. ताई तिचे केस विंचरत होत्या.

"ताई, ती वाटी तुम्ही घेऊन जा. ती कसली आहे, मला माहीतच नव्हतं."

बोलून गेलो.

"मनाला लावून घेऊ नका, दादा," त्या म्हणाल्या. "न कळता झालं ते पाप नसतं. आमच्या फादरना विचारते, ते ठेवून घेतील."

सुताराकडून वाटी काढून घेतली. ताईंनी ती जुन्या अभ्र्यात गुंडाळून नेली. पुढे दोन महिने आई होती. दुपारी ती झोपली की ताई आणि मी स्वयंपाकघरात समोरासमोर चहा प्यायचो. तेव्हा खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आई गेल्यावर पुण्यानुमोदनाला ताई आल्या. बायकोचा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या मालकांचं मन मोठं. एवढी जुनी वस्तू आमच्या देवळाला दिली."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.